पित्तगळतीची शंका असेल तर, बांबोळीला निघण्याआधी

पित्ताशय काढल्यावर किंवा यकृताचा भाग कापल्यावर तीन-चार दिवसांत माणूस सावरायला लागतो. त्याऐवजी पोट फुगतंय, उजव्या खांद्यात कळ येतेय, ताप आहे, जेवण नको वाटतंय, तर पित्त नलिकेतून पोटात गळत असेल; ‘गॅस झालाय’ म्हणत काणकोणात किंवा सत्तरीत घरी बसून राहू नका. कावीळ दिसेलच असं नाही.

ड्रेनची (पोटातला स्राव बाहेर काढणाऱ्या नळीची) पिशवी असेल तर आधी वही घाला. रोज ठरल्या वेळी मापाच्या भांड्यात ओतून मिलिलिटर लिहा आणि शेजारी रंग लिहा: लालसर, पाण्यासारखा, पिवळा की हिरवट. पिशवी एकाएकी कोरडी पडली तर हायसं वाटून घेऊ नका. नळी तुंबून पित्त आत साठत असेल, लगेच कळवा. ऑपरेशननंतर तिसऱ्या दिवशी किंवा पुढे ड्रेनमधलं बिलिरुबिन (पित्तातलं पिवळं द्रव्य) रक्तातल्याच्या तिप्पट किंवा जास्त निघालं की गळती धरतात, म्हणून दोन्ही नमुने एकाच दिवशी गेलेत ना, ते विचारा.

गोमेकॉत (बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजात) जा किंवा खासगीत, नुसत्या डिस्चार्ज कार्डावर भागत नाही. ऑपरेशनची नोंद मागून घ्या, सीटी आणि सोनोग्राफीचे रिपोर्ट, सीडी घ्या. दीनदयाळ कार्ड (गोवा सरकारच्या आरोग्य विम्याचं) आणि आधार त्याच पिशवीत. पेसमेकर असेल तर एमआरसीपीआधी (पित्तनलिकांच्या एमआरआयआधी) सांगा. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांची पट्टीच दाखवा, पण डॉक्टरांना न विचारता बंद करू नका. ईआरसीपीआधी (पित्तनलिकेवरच्या दुर्बिणीच्या उपचाराआधी) किती तास उपाशी राहायचं, तेही विचारून ठेवा.

ईआरसीपीचं नाव काढलं की घरचे घाबरतात, म्हणून हे समजून घ्या. तोंडातून दुर्बीण घालून पित्तनलिकेच्या तोंडाशी छेद देतात, स्टेंट म्हणजे बारीक नळी बसवतात. पित्ताला आतड्याकडे सोपी वाट मिळते, नलिकेतला दाब उतरतो आणि पित्ताशयाच्या देठाशी असलेलं भोक बहुतेक वेळा आपोआप बुजतं. आत साठलेलं पित्त सोनोग्राफीत बघून बारीक नळीने बाहेर काढतात. मुख्य नलिकाच कापली गेली असेल तर मात्र ती आतड्याला जोडावी लागते. ते काम यकृत-पित्तमार्गाच्या अनुभवी सर्जनकडेच द्यावं, असं माझं ठाम मत आहे. आधी जंतुसंसर्ग आटोक्यात आणायला थोडे दिवस गेले तरी चालेल.

ईआरसीपीनंतर पाठीत जाणारी पोटदुखी उठली तर रात्र असली तरी नर्सला उठवा, स्वादुपिंडाला सूज असू शकते. आणि स्टेंट काढायची तारीख कार्डावर लिहून घेतल्याशिवाय वॉर्ड सोडू नका. साधारण चार ते सहा आठवड्यांची असते. बरं वाटलं, चवथ आली, गावी गेले, तारीख राहिली, असं फार होतं; मग तुंबलेल्या स्टेंटमुळे थंडी वाजून ताप येतो.