लोगो नेमका कुठे बिघडतो? कंपनीची दृश्य ओळख घडवताना या चुका टाळा

नव्या लोगोविषयीची पहिली तक्रार बहुधा छपाई झाल्यावर येते. संगणकाच्या पडद्यावर झळाळणारा निळा रंग कागदावर जांभळट उतरतो, गणवेशावर भरतकाम करताना बारीक रेघा एकमेकींत मिसळतात आणि मोबाइलवर कंपनीच्या नावाच्या जागी एक करडा ठिपका दिसतो. अशा वेळी सगळे डिझायनरकडे बोट दाखवतात. पण माझ्या अनुभवात दोष चित्रात कमी आणि कामाच्या सुरुवातीला न केलेल्या यादीत जास्त असतो. हा लोगो कुठे-कुठे, किती आकारात आणि कोणत्या साहित्यावर वापरला जाणार, हे कोणी लिहूनच काढलेले नसते.

सर्वांत जुनी चूक म्हणजे लोगोत कंपनीची सगळी कहाणी कोंबणे. १९७६ साली ॲपलचे पहिले बोधचिन्ह रोनाल्ड वेन यांनी काढले होते. त्यात झाडाखाली बसलेला न्यूटन, डोक्यावर लटकणारे सफरचंद आणि चौकटीभोवती नावाची फीत असे सारे काही होते. चित्र म्हणून ते बघण्यासारखे होते. लहान आकारात मात्र त्यातले काहीच उरत नसे. पुढच्याच वर्षी रॉब जॅनॉफ यांनी चावा घेतलेले सफरचंद आणले. तो चावासुद्धा निव्वळ शोभेचा नव्हता. लहान आकारात कोणी त्या फळाला चेरी समजू नये, हे त्याचे काम होते. मंजुरी देण्यापूर्वी आपला लोगो १६ बाय १६ पिक्सेलमध्ये आणि कागदावर एक सेंटिमीटर रुंदीत, तोही फक्त काळ्या रंगात, काढून पाहावा. तिथे ओळखू आला नाही, तर तपशील कमी करावा किंवा लहान वापरासाठी नुसत्या चिन्हाची सोपी आवृत्ती वेगळी करून घ्यावी. देवनागरीतल्या नावांना ही कसोटी अधिक कडक लागते, कारण पातळ शिरोरेखा आणि जोडाक्षरांमधल्या फटी सर्वांत आधी बुजतात.

फाइलींचा घोळ हा तर रोजचाच. फलक छापायचा असतो आणि हाती येते ती व्हॉट्सॲपवरून फिरत आलेली जेपीजी. ती मोठी केली की कडा फाटतात आणि रंगीत पार्श्वभूमीवर ठेवली की भोवतीचा पांढरा चौकोन दिसतो. मग कोणीतरी ती सॉफ्टवेअरमध्ये आपोआप ट्रेस करतो, म्हणजे तिच्यावरून नव्याने रेघा काढून घेतो, त्यात कोपरे गोलावतात आणि तीच बिघडलेली प्रत पुढे ‘मूळ’ म्हणून फिरू लागते. एकदा माझ्याकडे एका संस्थेची फाइल आली होती, तिच्यात नावाचे अक्षर युनिकोड ही सामाईक अक्षरपद्धत येण्यापूर्वीच्या देवनागरी फॉन्टमध्ये तसेच ठेवलेले होते. तो फॉन्ट माझ्या संगणकावर नसल्यामुळे संस्थेच्या नावाऐवजी रोमन अक्षरे आणि कंस यांची रांग उमटली. म्हणून काम संपताना डिझायनरकडून व्हेक्टर फाइल, म्हणजे कितीही मोठी केली तरी न फाटणारी एआय, एसव्हीजी किंवा पीडीएफ, अक्षरे आउटलाइनमध्ये (फॉन्टशिवाय दिसणाऱ्या आकारांत) बदलून मागून घ्यावी. सोबत पारदर्शक पार्श्वभूमीची पीएनजी, एकरंगी आवृत्ती आणि गडद पार्श्वभूमीवर चालणारी फिकट रंगातली आवृत्तीही असावी.

जांभळट निळ्याचे कारण सरळ आहे. पडदा प्रकाशाने, आरजीबी (लाल, हिरवा, निळा) पद्धतीने रंग दाखवतो आणि छपाई सीएमवायके (निळसर, किरमिजी, पिवळी आणि काळी) शाईने होते. शाईला पडद्यावरचे सगळेच झगझगीत रंग गाठता येत नाहीत. त्यामुळे रंग पडद्यावर निवडून तो छापखान्यावर लादण्यापेक्षा छापता येणारा रंग आधी ठरवावा आणि त्याला जुळणारा पडद्यावरचा रंग मग शोधावा. हजारो प्रती छापताना छटा हलू नये, असे वाटत असेल तर १९६३ पासून वापरात असलेल्या, प्रत्येक छटेला ठरावीक क्रमांक देणाऱ्या पॅन्टोन पद्धतीचा क्रमांक नोंदवून ठेवावा. आणखी एक गोष्ट सहज निसटते. लोगोचाच रंग पुढे बटनांवर आणि मजकुरात येतो. वेबसाइटच्या सुलभतेच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार साध्या मजकुराचा आणि पार्श्वभूमीचा काँट्रास्ट, म्हणजे उजळपणातला फरक, किमान ४.५ : १ लागतो. लोगोला हा नियम लागू नाही, पण पिवळ्या लोगोवरून ठरवलेली पिवळी अक्षरे पांढऱ्या पानावर कोणालाच वाचता येत नाहीत.

लोगो झाला म्हणजे ओळख झाली, हा समज कंपन्यांना सर्वांत महागात पडतो. जर्मनीच्या एईजी या विद्युत उपकरणांच्या कंपनीने १९०७ मध्ये वास्तुकार व डिझायनर पीटर बेहरेन्स यांना नेमले, तेव्हा त्यांनी बोधचिन्हाबरोबरच जाहिराती, दिवे, किटल्या आणि कारखान्याची इमारतही एकाच दृष्टीने घडवली. आज बहुतेक ठिकाणी याची जागा लोगो, रंग आणि फॉन्ट कसे वापरावेत हे सांगणाऱ्या मार्गदर्शक पुस्तिकेने घेतली आहे आणि ती बहुधा न वाचताच पडून राहते. विक्री विभागाचे सादरीकरण एका फॉन्टमध्ये, बिले दुसऱ्या फॉन्टमध्ये आणि समाजमाध्यमांवर ताणून लांबट केलेला लोगो, अशी कंपनीच्या ओळखीची स्थिती होते. जाड पुस्तिकेऐवजी लोगोभोवतीची मोकळी जागा, किमान आकार, रंगांचे क्रमांक आणि फॉन्ट एका पानावर द्यावेत. लेटरहेड, सादरीकरण व ईमेल स्वाक्षरीचे तयार साचे सर्वांना मिळतील अशा ठिकाणी ठेवावेत. लोक नियम पाळत नाहीत, पण हाताशी असलेला साचा मात्र वापरतात.

जुनी ओळख बदलताना होणारी चूक वेगळीच असते. २०१० च्या ऑक्टोबरमध्ये गॅप या कपड्यांच्या अमेरिकी कंपनीने निळ्या चौकोनाचा वीसेक वर्षांचा लोगो काढून नवा आणला आणि टीकेच्या भडिमारानंतर आठवड्याभरातच मागे घेतला. २००९ मध्ये ट्रॉपिकाना या फळांच्या रसाच्या ब्रँडने खोक्यावरचे स्ट्रॉ खोचलेले संत्रे काढून रसाचा पेला छापला. काही आठवड्यांत विक्री सुमारे २० टक्क्यांनी घटली आणि संत्रे परत आले. ग्राहक नाव वाचण्याआधी ते संत्रे शोधत होते. बदलाची चर्चा सुरू करण्यापूर्वी दहा-बारा ग्राहकांना कोरा कागद देऊन आपला लोगो आठवणीतून काढायला सांगावा. ज्या गोष्टी बहुतेकांच्या कागदावर येतील, त्यांना हात लावण्यापूर्वी दहादा विचार करावा. बाकीच्या खुशाल बदलाव्यात.