पाणी दुधाळ झालं, लाकडावर कापूस उगवला? आधी बादली खाली ठेवा

नवीन प्लांटेड टँक (झाडं लावलेली माशांची टाकी) लावला, आठवडाभरात पाणी दुधाळ झालं आणि ड्रिफ्टवुडवर, म्हणजे आत सजावटीला ठेवलेल्या लाकडावर, पांढरा कापूस दिसला की लोक सगळं पाणी उपसून टँक धुवायला काढतात. तेवढं करू नका, त्याने सायकल (घाण पचवणारे चांगले बॅक्टेरिया जमण्याची प्रक्रिया) परत शून्यावर येते आणि दुधाळपणाही परत येतो.

आधी काचेच्या ग्लासात टँकचं पाणी घ्या आणि मागे कोरा कागद धरून रंग बघा, कारण प्रत्येक रंगाचा उपाय वेगळा आहे.

पांढरट असेल तर ते बॅक्टेरिया ब्लूम, म्हणजे पाण्यात एकदम वाढलेले बॅक्टेरिया. उरलेलं खाणं, कुजलेली पानं, नवीन सॉइल (तळाची माती) यावर हे बॅक्टेरिया वाढतात, इतके बारीक की साध्या फिल्टरमध्ये अडकत नाहीत, आणि काही दिवसांत, फार तर दोनेक आठवड्यांत आपोआप कमी होतात. (पहिल्याच दिवशी गढूळ झालं असेल तर ती सॉइलची धूळ, फिल्टरमध्ये फ्लॉस (गाळायचा बारीक कापूस) टाका, बसते.) पण ब्लूममुळे ऑक्सिजन कमी होतो, म्हणून मासे वर येऊन तोंड उघडझाप करत असतील तर एअरपंप लगेच लावा. खाणं एक दिवसाआड, तेही दोन मिनिटांत संपेल इतकंच. अमोनियाची (घाणीतून तयार होणारं, माशांना विषारी) टेस्ट करा, आकडा शून्याच्या वर असेल तर 25-30 टक्के पाणी बदला आणि नवीन पाण्यात अँटीक्लोरीन घाला. पावसाळ्यात तर नक्कीच, तेव्हा नळाला क्लोरीनचा वास जास्तच येतो. आणि फिल्टरचा स्पंज नळाखाली कधीच धुवायचा नाही हो, टँकमधून काढलेल्या पाण्यातच पिळायचा, नाहीतर जे चांगले बॅक्टेरिया जमलेत ते क्लोरीनने मरतात.

हिरवं पाणी म्हणजे तरंगणारं शेवाळ, इथे नुसतं पाणी बदलून फार फरक पडत नाही. लाइट बंद, टँकवर जाड चादर, 3-4 दिवस आत डोकावायचं पण नाही, एअरपंप चालू, खत बंद. नंतर मेलेलं शेवाळ कुजायच्या आत अर्धं पाणी बदला. नाहीतर यूव्ही (शेवाळ मारणारा अतिनील दिवा) लावा, पैसे जातात पण काम होतं. पुढे टायमर लावून लाइट 6-7 तासच ठेवा आणि टँक खिडकीच्या उन्हातून हलवा.

चहासारखं पाणी? लाकडातलं टॅनिन आहे, काही करू नका. काही लोक तर देशी बदामाची वाळलेली पानं मुद्दाम टाकतात.

आता तो कापूस. नवीन लाकडावरचा पांढरा, बुळबुळीत थर बिनधोक असतो, जुन्या टूथब्रशने घासून सायफनने ओढून घ्या, उरलेला कोळंबी आणि गोगलगायी खातात, साधारण महिन्याभरात जातो. दुकानदार यासाठी सकर मासा गळ्यात मारेल, घेऊ नका, तो फूटभर वाढतो आणि खातो त्यापेक्षा घाण जास्त करतो.

काळी दाढी हे शेवाळ मात्र चिवट. अनुबियास या झाडाच्या पानांच्या कडेला, फिल्टरच्या तोंडाशी काळे ब्रशसारखे झुपके दिसतात, बहुतेक वेळा सीओटू (झाडांना लागणारा कार्बन डायऑक्साइड) कमीजास्त होणं आणि साठलेली घाण यामुळे. खराब पानं कापा. बाकीच्यांवर मेडिकलमधलं 3 टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड: फिल्टर बंद करा, सिरिंजने थेट झुपक्यावर हळूहळू सोडा, एका वेळी दर 4 लिटर पाण्याला 1 मिली पेक्षा जास्त नको, पाचेक मिनिटांनी फिल्टर चालू. काही दिवसांत झुपके लालसर-गुलाबी पडले की समजायचं मेलं. मॉस आणि व्हॅलिसनेरिया या झाडांना हे सोसत नाही, तिथून लांब. सीओटू सोडत असाल तर तो लाइटच्या तास-दीड तास आधी चालू होऊ दे, रोज त्याच वेळेला.

हे सगळं लाकूड आणि झाडांसाठी. कापूस माशाच्याच अंगावर किंवा तोंडाशी असेल तर तो आजार आहे, मासा वेगळ्या टँकमध्ये काढा, पेरॉक्साइडची सिरिंज त्याच्याकडे नेऊ नका.