रजिस्ट्रारने नाव खोडलेली कंपनी परत उभी करताना

पगाराच्या दिवशी बँकेतून फोन आला: खातं गोठवलंय, कंपनी ‘स्ट्राइक ऑफ’ दाखवतेय. भोसरीत आमचे लेथ चालू, पोरं कामावर, आणि सरकारदरबारी कंपनीच नाही! दोन वर्षांचे ताळेबंद भरायचे राहिले होते. शेड बदलली तेव्हा नोंदणीकृत पत्ताही बदलला नव्हता, त्यामुळे कंपन्यांची नोंद ठेवणाऱ्या रजिस्ट्रारची नोटीस जुन्या जागी गेली. त्या महिन्याचे पगार घरचं सोनं ठेवून केले.

तुमच्यावर ही वेळ आली असेल तर आधी एमसीएच्या (केंद्राच्या कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या) संकेतस्थळावरून एसटीके-७ नोटीस, म्हणजे नाव खोडल्याची नोटीस, काढा. तिच्यातल्या तारखेपासून कंपनीला फक्त येणं वसूल करता येतं आणि देणं फेडता येतं. त्या नावावर नवी ऑर्डर घेऊ नका.

दाद मागायची एनसीएलटीकडे, म्हणजे राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाकडे. आमची सुनावणी मुंबईत कफ परेडला झाली. कंपनी कायदा २०१३, कलम २५२. रजिस्ट्रारच्या आदेशावर अपील तीन वर्षांत करायचं. ती मुदत गेली म्हणून हाय खाऊ नका: कंपनी, भागधारक, धनको किंवा कामगार यांना राजपत्रातल्या प्रसिद्धीपासून २० वर्षांपर्यंत अर्ज करता येतो.

खरा कस पुराव्यात लागतो. नाव खोडलं तेव्हा धंदा चालू होता, हे कागदांनी दाखवायचं. नुसतं शपथपत्र पुरत नाही. जीएसटी रिटर्न, बँक स्टेटमेंट, पीएफची चलनं, लाइट बिलं. मी डिलिव्हरी चलनंसुद्धा महिन्यावार लावली, ग्राहकाच्या गेटचा निळा शिक्का आणि तेलकट अंगठ्याचे डाग असलेली. राहिलेलं ऑडिट अर्जाआधीच उरका आणि ताळेबंद जोडा. अर्जाची प्रत सुनावणीच्या किमान १४ दिवस आधी रजिस्ट्रारकडे पोचली पाहिजे. पोच जपून ठेवा.

एनसीएलटीचा आदेश झाला की त्याची प्रमाणित प्रत ३० दिवसांत आयएनसी-२८ या फॉर्मसोबत रजिस्ट्रारकडे भरा. मग एओसी-४ (ताळेबंदाचा फॉर्म) आणि एमजीटी-७ (वार्षिक विवरणपत्र). पैसे इथे लागतात: प्रत्येक फॉर्मला रोज १०० रुपये उशिराचे, वर मर्यादा नाही. एका वर्षाचा उशीर म्हणजे दोन फॉर्मचे ७३,००० रुपये. वकिलाच्या फीबरोबर हीही रक्कम आधीच बाजूला काढा.

सलग तीन वर्षं भरणा चुकला असेल तर संचालकही पाच वर्षांसाठी अपात्र ठरतो; तो प्रश्न वकिलाकडे पहिल्याच बैठकीत काढा.

एमसीएवर ‘अॅक्टिव्ह’ दिसलं की ते पान आणि आदेश घेऊन बँकेत जा. आणि त्याच आठवड्यात आयएनसी-२२ फॉर्म भरून नोंदणीकृत पत्ता बदला. आमच्या जुन्या जागी गेलेलं ते पाकीट अजून हाती आलेलं नाही.