हृदय थांबलं, पण जपलं गेलं का? प्लेजिया देताना या चुका टाळा

ठाणे आणि नवी मुंबईच्या हार्ट ओटींमध्ये परफ्युजन, म्हणजे शस्त्रक्रियेत हार्ट-लंग मशीन (पंप) चालवण्याचं काम, शिकायला येणाऱ्या मुलामुलींना सुरुवातीला एकच क्षण भुरळ घालतो. सर्जन महाधमनीला क्रॉस क्लॅम्प (रक्त अडवणारा चिमटा) लावतात, आपण थंड प्लेजिया, म्हणजे हृदय थांबवून जपणारा द्रव, सोडतो, ठोके मंदावतात आणि मॉनिटरवरची ईसीजीची रेषा सपाट होते. काम झालं असं वाटतं. पण त्या रेषेवरून हृदय थांबलं एवढंच कळतं. स्नायूच्या कोपऱ्याकोपऱ्यात द्रव पोचला की नाही, हे ती सांगत नाही. पुढच्या बहुतेक चुकांचं मूळ हे विसरण्यात आहे.

थांबवण्यामागचं तत्त्व आधी पक्कं करा. रक्तात पोटॅशियम लिटरमागे 3.5 ते 5 मिलिमोल असतं. प्लेजियात ते बहुधा 15 ते 30 च्या दरम्यान ठेवतात. त्यामुळे स्नायूपेशीचा विद्युतदाब उणे 90 मिलिव्होल्टवरून उणे 50-60 पर्यंत चढतो, सोडियम आत सोडणारी द्वारं निष्क्रिय होऊन अडकतात आणि नवा ठोका उमटत नाही. हृदय सैल पडलेल्या अवस्थेत थांबतं. धडधडणाऱ्या हृदयाच्या 100 ग्रॅम स्नायूला मिनिटाला साधारण 8 ते 10 मिलिलिटर ऑक्सिजन लागतो, थांबलेल्याला 1 च्या आसपास. थंडीने तो आणखी उतरतो, पण मोठी बचत थांबण्यातच आहे. म्हणून क्लॅम्प असताना ईसीजीवर बारीकशी थरथर दिसली तरी ती सोडून देऊ नका. तिथे इंधन जळतंय आणि भरायला कोणी नाही.

नुसतं थांबवणं पुरत नाही, हे या क्षेत्राने फार महागात शिकलंय. लंडनमध्ये डेनिस मेलरोज आणि सहकाऱ्यांनी 1955 मध्ये पोटॅशियम सायट्रेट वापरून हृदय थांबवण्याची पद्धत मांडली. हृदय थांबत होतं, पण द्रव इतका तीव्र होता की स्नायूलाच इजा होते, हे पुढे दिसून आलं. पद्धत अनेक वर्षं मागे पडली. 1970 च्या दशकात पोटॅशियम बरंच कमी करून, मॅग्नेशियमची जोड देऊन सेंट थॉमससारखे द्रव आले, तेव्हा कुठे सर्जनांचा विश्वास परत बसला.

इको रिपोर्ट न वाचता पंपावर उभं राहणं

ही चूक माझ्या मते सगळ्यात वाईट, कारण ती ओटीत शिरण्याआधीच टाळता येते. ट्रान्स-हार्बरची गाडी रखडली, धावतपळत आलो, प्रायमिंग (मशीनच्या नळ्यांत द्रव भरणं) सुरू केलं आणि फाइल तशीच बाजूला राहिली, असं होऊ देऊ नका. फाइल आदल्या संध्याकाळी वाचायची. महाधमनीची झडप गळत असेल, तर रूटमधून (महाधमनीच्या मुळाशी) सोडलेला प्लेजिया कोरोनरींत, म्हणजे हृदयाच्या स्वतःच्या रक्तवाहिन्यांत, जाण्याऐवजी मागे डाव्या वेंट्रिकलमध्ये पडतो. मग काय दिसतं? फ्लो भरपूर, रूटचं प्रेशर काही केल्या चढत नाही, हृदय फुगत जातं आणि थांबण्याऐवजी फायब्रिलेट होतं, म्हणजे नुसतं थरथरत राहतं. अशा वेळी आणखी प्लेजिया ढकलणं म्हणजे ताणलेल्या स्नायूला आणखी ताणणं. लगेच मोठ्याने सांगा. सर्जन व्हेंट (हृदयात साठलेला द्रव ओढून घेणारी नळी) चालू करतील, महाधमनी उघडून थेट कोरोनरींच्या मुखात द्रव देतील किंवा कोरोनरी सायनस या हृदयाच्या मोठ्या शिरेतून उलट्या दिशेने देतील.

या उलट्या मार्गाच्या स्वतःच्या खोडी आहेत. सायनसमधलं प्रेशर 40 मिलिमीटर पाऱ्याच्या पुढे जाऊ देऊ नका, शीर फाटू शकते. कमी फ्लोवरही प्रेशर झपाट्याने चढत असेल, तर कॅन्युला (द्रव सोडणारी नळी) फार आत रुतली असण्याची शक्यता आहे. फ्लो चांगला असून प्रेशर जवळपास शून्यच असेल, तर ती निसटून उजव्या एट्रियममध्ये आली असेल. कधी डावीकडे जास्तीची सुपीरियर व्हेना कावा (शरीराच्या वरच्या भागातलं रक्त आणणारी मोठी शीर) जन्मापासून उघडी असते आणि द्रव तिच्यातून पळतो. इकोमध्ये कोरोनरी सायनस मोठा दिसल्याची नोंद असेल, तर हे आधीच विचारून घ्या. आणि सगळं जुळून आलं तरी उजव्या वेंट्रिकलला या मार्गाने पुरेसा द्रव मिळत नाही. पंप सुटताना उजवी बाजू सुस्त का, याचं उत्तर पुष्कळदा इथे असतं.

चारास एक, पण कशाचे चार?

नेहमीच्या ब्लड प्लेजियात रक्ताचे चार भाग आणि क्रिस्टलॉइडचा (क्षारांच्या द्रवाचा) एक. डेल निडो या दुसऱ्या प्रकारात बरोबर उलटं, क्रिस्टलॉइडचे चार आणि रक्ताचा एक. दोन्ही पद्धती एकाच ओटीत चालत असतील, तर चुकीचा ट्यूबिंग सेट हाताशी येणं अगदी शक्य आहे, आणि दोन्हींना ‘फोर इज टू वन’ म्हणत असल्याने बोलण्यातून ते पकडलं जात नाही. पूर्ण वाक्य बोला, "डेल निडो, चार भाग क्रिस्टलॉइड." पोटॅशियम क्लोराइडचा 10 मिलिलिटरचा 15 टक्क्यांचा अँप्युल म्हणजे जवळपास 20 मिलिइक्विव्हॅलंट. तो फोडताना दुसऱ्या माणसाने लेबल मोठ्याने वाचावं, आणि तयार पिशवीवर नाव, वेळ व घटक लिहिल्याशिवाय ती टांगू नये. कस्टोडिओल या आणखी एका प्लेजियाचं तत्त्व तर वेगळंच. त्यात पोटॅशियम फारसं नाही, सोडियमच अगदी कमी ठेवलेलं असतं. एकाचे नियम दुसऱ्याला लावू नका.

घड्याळ सर्जनवर सोडणं

सर्जनची नजर टाक्यावर असते. वेळ आपण सांगायची, न विचारता. ब्लड प्लेजिया साधारण दर 15 ते 20 मिनिटांनी द्यावा लागतो, कारण पेरिकार्डियमच्या बाजूने येणाऱ्या बारीक वाहिन्यांचं रक्त तो धुऊन टाकतं. डेल निडोचा एक डोस 90 मिनिटांपर्यंत चालतो असं धरतात. ही पद्धत पेड्रो डेल निडो आणि सहकाऱ्यांनी पिट्सबर्गमध्ये मुळात लहान मुलांच्या हृदयासाठी विकसित केली, आता ती मोठ्यांतही सर्रास वापरतात. सोयीची आहे यात वाद नाही, पण या सोयीमुळे लोक सैलावतात हे मला खटकतं. जाड स्नायूचं हृदय, तिन्ही वाहिन्यांत ब्लॉक, अंदाजापेक्षा लांबणारी शस्त्रक्रिया अशा वेळी नव्वदीची वाट न बघता आधीच विचारा.

थंडीबाबत एकच सांगतो. बर्फाचा चुरा हृदयाभोवती टाकताना डावी फ्रेनिक नस तिथूनच जाते. मध्ये पॅड नसेल, तर डायाफ्रामची डावी बाजू लुळी पडू शकते आणि रुग्ण व्हेंटिलेटरवरून लवकर सुटत नाही.

क्लॅम्प निघाला, ठोका येत नाही

इथे घाई नडते. आधी एबीजी (धमनीतल्या रक्ताची तपासणी) करून पोटॅशियम, पीएच आणि तापमान बघा. पोटॅशियम जास्त असेल, तर अल्ट्राफिल्ट्रेशन, इन्सुलिन-ग्लुकोज आणि थोडा धीर. सोबत पेसिंगच्या तारा तयार ठेवा. क्लॅम्प काढल्या काढल्या कॅल्शियम देण्याची सवय वाईट. उपाशी स्नायूत रक्त नुकतंच परतत असताना तिथे कॅल्शियमचा लोंढा नको, म्हणून बहुतेक भूलतज्ज्ञ काही मिनिटं थांबतात. फायब्रिलेशन असेल, तर हृदय फुगलेलं नाही ना, ते बघूनच शॉक.

किडनी अशक्त असलेल्या रुग्णात पोटॅशियमचा प्रश्न घरापासूनच सुरू होतो. नातेवाईकांना ॲडमिशनच्या वेळी नेमकं विचारा. काका घरी ‘लो सोडियम’ मीठ खातात का? त्यात पोटॅशियम क्लोराइड असतं. शहाळं रोज घेतात का? स्पायरोनोलॅक्टोनसारखी गोळी चालू आहे का? "बीपीची एक छोटी गोळी आहे" एवढ्यावर समाधान मानू नका, पाकीटच मागवा. याच भेटीत "हृदय बंद करणार" असं तोडून सांगू नका. काकूंच्या पोटात गोळा येतो. तेवढा वेळ रक्त फिरवण्याचं आणि त्यात ऑक्सिजन भरण्याचं काम मशीन करतं, मेंदूला रक्त मिळत राहतं, हे आधी सांगा, मग थांबवण्याबद्दल.

आयसीयूत रुग्ण सोपवताना प्लेजियाचा प्रकार, एकूण मात्रा, शेवटचा डोस केव्हा, क्लॅम्पचा वेळ आणि शेवटचं पोटॅशियम, सोडियम कागदावर द्या. कस्टोडिओल वापरला असेल, तर ते ठळक लिहा. नाहीतर रात्रपाळीचे डॉक्टर कमी आलेलं सोडियम बघून हायपरटॉनिक (जास्त सोडियमचं) सलाइन लावतील, आणि या रुग्णाला त्याची बहुधा गरज नसते.