एअरपोर्टवर आंदोलन पेटलं की पोलिसांचं नेमकं कुठे चुकतं? या चुका टाळा

बंदोबस्ताचा विषय निघाला की आपल्याकडे दोनच मतं ऐकू येतात. एक म्हणतं, सुरुवातीलाच दोन रट्टे दिले असते तर सगळे सरळ झाले असते, आणि दुसरं म्हणतं, पोलिसांनी तिथे पाऊलच टाकायला नको होतं. एअरपोर्टच्या बाबतीत ही दोन्ही मतं कामाची नाहीत, कारण तिथे आंदोलक आणि पोलिस यांच्या मधोमध तिसराच माणूस अडकलेला असतो, ट्रॉलीवर तीन बॅगा, कडेवर लेकरू आणि फ्लाइटला दीड तास राहिलेला, त्याला धड आत जाता येत नाही आणि धड बाहेरही पडता येत नाही. म्हणून टर्मिनल किती मिनिटांत रिकामं केलं यावर पोलिसांना मार्क देऊन उपयोग नाही. लोकांना बाहेर पडायला वाट होती का, आणि त्या वाटेवर किती जण जखमी झाले, हे बघायला पाहिजे.

हाँगकाँगचं २०१९ चं प्रकरण यासाठी नीट अभ्यासण्यासारखं आहे, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये स्पेनमध्ये बार्सिलोनाच्या एअरपोर्टवर जे झालं तेही. दोन्ही ठिकाणी पोलिस काही अडाणी नव्हते, ट्रेनिंग होतं, साधनं होती, तरी चुका झाल्या. आणि त्यातल्या बऱ्याचशा चुका एअरपोर्टवर झाल्याच नाहीत, आधीच होऊन गेल्या होत्या.

आदल्या रात्रीचं आज टर्मिनलमध्ये येतं, हे न धरणं

माझ्या मते सगळ्यात मोठी चूक हीच, म्हणून यावर जरा जास्त लिहिणार आहे.

हाँगकाँगमधून आरोपींना चीनच्या मुख्य भूमीत पाठवता येईल अशा प्रत्यार्पण विधेयकाविरुद्ध जूनपासून मोर्चे चालू होते. ९ ते ११ ऑगस्ट असे तीन दिवस एअरपोर्टच्या अरायव्हल हॉलमध्ये तरुण पोरं जमिनीवर बसून होती, येणाऱ्या प्रवाशांना वेगवेगळ्या भाषांतली पत्रकं देत होती, त्रासाबद्दल सॉरी म्हणत होती. विमानं उडत होती. म्हणजे तोपर्यंत एअरपोर्टवर पोलिसांपुढे प्रश्न असा नव्हताच.

११ तारखेच्या रात्री शहरात वेगळंच घडलं. त्सिम शा त्सुईमध्ये एका तरुणीच्या डोळ्याला गंभीर इजा झाली, क्वाय फाँग स्टेशनच्या आत अश्रुधूर सोडला गेला, ताय कू स्टेशनमध्ये एस्कलेटरवर अगदी जवळून लोकांवर पेपर बॉल, म्हणजे तिखट पूड भरलेल्या गोळ्या मारल्या गेल्या. हे सगळं मोबाइलवर लाइव्ह दिसत होतं. आणि त्याच रात्री आंदोलकांच्या वेशातल्या पोलिसांनी काही जणांना पकडलं, दुसऱ्या दिवशी पत्रकार परिषदेत पोलिसांनी ते मान्यही केलं.

आता पुढचं बघा. १२ तारखेला हजारो लोक एका डोळ्यावर पट्टी बांधून एअरपोर्टवर आले, दुपारी उरलेली सगळी विमानं रद्द करावी लागली. १३ ला परत तेच, संध्याकाळच्या आत चेक-इन बंद, डिपार्चरच्या वाटेवर बॅगांच्या ट्रॉल्या लावून अडथळे. आणि रात्री गर्दीने दोन माणसांना "हे पोलिसांचे हेर आहेत" म्हणून धरलं, त्यातला एक ग्लोबल टाइम्स या चिनी सरकारी वृत्तपत्राचा वार्ताहर होता, त्याला प्लॅस्टिकच्या पट्ट्यांनी ट्रॉलीला बांधून मारहाण झाली. बांधलेल्या माणसाला मारणं हा गुन्हाच आहे, कोणतंही आंदोलन कितीही खरं असलं तरी, आणि दुसऱ्या दिवशी स्वतः आंदोलकांतल्या अनेकांनी एअरपोर्टवर माफीचे फलक धरले होते. पण ही संशयाची आग लागली कुठून, हेही बघितलं पाहिजे ना. ज्या जमावाला कालच कळलंय की आपल्यात आपल्यासारखेच कपडे घालून पोलिस फिरतायत, तो जमाव प्रत्येक अनोळखी चेहऱ्याकडे कसा बघेल? साध्या वेशातले पोलिस माहिती काढायला नेमणं वेगळं, आणि आंदोलक बनून धरपकड करणं वेगळं. दुसऱ्या प्रकारात आज चार अटका जास्त मिळतात आणि उद्या भलत्याच माणसाचा जीव धोक्यात येतो, अगदी प्रवाशाचासुद्धा.

काय करायचं? शहरात रात्री मोठा राडा झाला असेल तर सकाळी एअरपोर्टच्या बंदोबस्ताचा प्लॅन नव्याने करायचा, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे जिथे कुणी जखमी झालंय त्याची चौकशी होणार आहे, कोण करणार आहे, हे वरिष्ठ अधिकाऱ्याने लगेच सांगायचं. गप्प बसलं की अफवा बोलते.

छोटी तुकडी आत पाठवणं, परत यायची वाट न ठरवता

१३ च्या रात्री अकराच्या सुमाराला दंगल नियंत्रण पथकाचे पोलिस टर्मिनलच्या दाराशी आले. काम बरोबर होतं, धरून ठेवलेल्या आणि शुद्ध हरपलेल्या माणसाला अँब्युलन्सपर्यंत पोचवायचं होतं. झटापट झाली, पेपर स्प्रे मारला गेला. त्यात एक अधिकारी एका बाईला पकडण्याच्या नादात बाकीच्यांपासून तुटला, जमावाने त्याला कोपऱ्यात गाठलं, त्याचाच दंडुका हिसकावून त्याच्यावर चालवला आणि त्याने पिस्तूल काढून समोर रोखलं. गोळी सुटली नाही. पण तो क्षण डोळ्यासमोर आणा, बंद हॉल, आजूबाजूला शेकडो माणसं, कॅमेरे, आणि घाबरलेल्या माणसाच्या हातात भरलेलं पिस्तूल.

यात त्या एकट्याला दोष देऊन भागत नाही, कोणीही असता तरी जीव वाचवायला हात कमरेकडे गेलाच असता. त्याला एकटं पडू देणारी रचना चुकीची होती. आत जाणाऱ्या तुकडीला एकच काम पाहिजे. जखमीला काढायचंय ना, मग अटका नंतर, चेहरे सीसीटीव्हीत आहेत, एअरपोर्टइतके कॅमेरे शहरात दुसरीकडे क्वचितच असतात. जोडीदाराशिवाय कोणी हलायचं नाही आणि आत जाताना परतीची वाट धरून ठेवायला वेगळे लोक मागे उभे पाहिजेत.

बंद जागेत अश्रुधूर

हा विचारसुद्धा मनात यायला नको. अश्रुधूर म्हणतो आपण, पण त्यात बारीक पावडरीचे कण असतात, ते कपड्यांवर, खुर्च्यांवर बसतात, एसीच्या डक्टमधून भलतीकडे पोचू शकतात. मोकळ्या मैदानात माणूस वाऱ्याच्या उलट पळतो, टर्मिनलमध्ये पळणार कुठे? वर दमेकरी, म्हातारी माणसं, तान्ही बाळं. क्वाय फाँग स्टेशनच्या घटनेनंतर दोनच दिवसांत, १३ ऑगस्टला, संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार कार्यालयाने गर्दीच्या बंद जागेत आणि थेट माणसांवर नळकांडी मारल्याबद्दल जाहीर आक्षेप घेतला आणि चौकशीची मागणी केली. २०२० मध्ये त्याच कार्यालयाने अशा साधनांबद्दल मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यातही हेच आहे की पुरेशी हवा किंवा बाहेर पडायला जागा नसेल तिथे हे वापरू नका. हाँगकाँग पोलिसांनी १३ च्या रात्री टर्मिनलच्या आत अश्रुधूर वापरला नाही, हे त्यांच्या बाजूचं नोंदवलंच पाहिजे.

"निघून जा" म्हणायचं आणि जायचे रस्ते बंद ठेवायचे

ही चूक सगळीकडे होते, आपल्याकडच्या मोर्च्यांतही. जमाव पांगवायचा तर त्याला पांगायला दिशा लागते.

१ सप्टेंबरला हाँगकाँगमध्ये एअरपोर्टकडे जाणारे रस्ते आंदोलकांनी अडवले, एअरपोर्ट एक्स्प्रेस थांबवली गेली, जवळच्या तुंग चुंग स्टेशनची तोडफोड झाली आणि गाड्या बंद पडल्या. एअरपोर्ट चेक लॅप कॉकला, म्हणजे शहरापासून लांब, बेटावर. संध्याकाळी हजारो पोरं हायवेवरून चालत निघाली, बरोबर बॅगा ओढत कितीतरी प्रवासी आधीच त्या रस्त्यावर होते. शेवटी शहरातून शेकडो लोक आपापल्या गाड्या घेऊन त्यांना आणायला गेले. विचार करा, जे काम बस सोडून करता आलं असतं ते अनोळखी नागरिकांनी केलं. बार्सिलोनालाही १४ ऑक्टोबरला ट्रेन आणि मेट्रो बंद केल्यावर लोक हायवेवरून चालत एल प्रात एअरपोर्टला पोचले, म्हणजे गाड्या थांबवून गर्दी थांबलीच नाही, फक्त रस्ता जाम झाला आणि विमानाचे कर्मचारी, प्रवासी त्यात सापडले.

येणाऱ्या गाड्या कमी करा, तपासणी करा, ते समजू शकतं. पण एअरपोर्टवरून निघणाऱ्या गाड्या चालू राहिल्या पाहिजेत, बाहेर पडणाऱ्यांची ती वाट कोणाला अटक करायला वापरायची नाही, आणि हे लाउडस्पीकरवरून परत परत सांगायचं. कोणत्या दाराने, कुठल्या प्लॅटफॉर्मवर, शेवटची गाडी किती वाजता. नुसतं "हा जमाव बेकायदेशीर आहे" एवढंच ओरडलं तर जो माणूस जायला तयार आहे तोही भिंतीला चिकटून उभा राहतो.

दोन फोर्स, दोन नियम

बार्सिलोनाला स्पेनच्या सुप्रीम कोर्टाने कॅटलोनिया प्रांत स्पेनपासून वेगळा करण्याच्या प्रयत्नाबद्दल नऊ कॅटलान नेत्यांना ९ ते १३ वर्षांची शिक्षा सुनावली आणि त्याच दुपारी हजारो लोक एअरपोर्टवर आले. शंभरावर उड्डाणं रद्द झाली, शंभराहून जास्त लोक जखमी झाले, एका तरुणाचा डोळा गेला. बंदोबस्ताला कॅटलोनियाचे स्वतःचे पोलिस, म्हणजे मोसोस, होते आणि स्पेनचे राष्ट्रीय पोलिसही. मोसोसना रबरी गोळे वापरायला २०१४ पासून बंदी आहे कारण त्याने आधीही डोळे गेले होते, राष्ट्रीय पोलिसांना ती बंदी लागू नाही. एकाच पार्किंगमध्ये, एकाच जमावासमोर, शेजारी शेजारी उभ्या दोन तुकड्या आणि हातात काय धरायचं याचे नियम वेगळे! जमावाला हा फरक कसा कळणार, त्याला दोघेही पोलिसच दिसतात.

आपल्याकडेही हे लागू होतं. मोठ्या एअरपोर्टच्या आत सीआयएसएफ, म्हणजे केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दल, असते, २००० सालापासून, कंदाहार प्रकरणानंतर ती व्यवस्था आली, आणि बाहेरच्या रस्त्यावर राज्याचे पोलिस. मुंबईत टी२ च्या दारापासून सहार रोडपर्यंत उद्या गर्दी आली तर हुकूम कोणाचा, लाठी कोण चालवणार, वायरलेस एकमेकांना ऐकू येतो का, हे आदल्या दिवशी कागदावर पाहिजे. एकच अधिकारी, त्याचं नाव दोन्हीकडच्या शिपायाला पाठ.

नंबरप्लेट नसलेला पोलिस

हाँगकाँगच्या स्पेशल टॅक्टिकल स्क्वाडच्या, म्हणजे दंगल हाताळणाऱ्या खास पथकाच्या, गणवेशावर ओळख क्रमांक दिसत नव्हते. अधिकाऱ्यांची घरची माहिती नेटवर टाकली जात होती हे खरं, भीती खोटी नव्हती. पण नोव्हेंबर २०२० मध्ये तिथल्या हायकोर्टाने स्पष्ट सांगितलं की ओळख दिसत नसेल तर अत्याचाराच्या तक्रारीची नीट चौकशीच होऊ शकत नाही आणि हे हक्कांचं उल्लंघन आहे. नाव नको तर नंबर लावा, पण ठळक, हेल्मेटवर, लांबून वाचता येईल असा. जो पोलिस नियमाने वागला त्यालाही तोच नंबर वाचवतो.

प्रवाशाला काहीच न सांगणं

यावर फार लिहायची गरज नाही, ज्याने कधी सहा तास एअरपोर्टवर काढलेत त्याला माहीत आहे. बोर्डवर "डिलेड" आणि काउंटरवर कोणी नाही. घाबरलेला प्रवासी आंदोलकांशी भांडायला जातो आणि तिथून हातघाई सुरू होते. चिडलेला प्रवासी आणि बसलेला आंदोलक यांच्यात बिनहत्यारी पोलिस उभे करा, पाणी द्या, लहान मुलंवाल्यांना आधी काढा.

कोर्टाची ऑर्डर आणि तिकीट चेकिंग म्हणजे काम झालं असं समजणं

१४ ऑगस्टला हाँगकाँगच्या एअरपोर्ट अथॉरिटीने कोर्टातून मनाई हुकूम आणला आणि टर्मिनलच्या दारातच तिकीट बघायला सुरुवात केली, जे आपल्याला रोजचंच आहे, आपल्याकडे तिकिटाशिवाय सहसा आत सोडतच नाहीत. टर्मिनल शांत झालं, पण राग गेला नव्हता, वर सांगितलेलं १ सप्टेंबरचं प्रकरण या हुकुमानंतरचंच आहे, गर्दी फक्त दारातून रस्त्यावर सरकली. नंतर ७ सप्टेंबरला पोलिसांनी आधीच बसमध्ये, स्टेशनवर तपासणी लावली आणि तेव्हा एअरपोर्टवर फार काही झालं नाही, पण त्याच्या तीन दिवस आधी, ४ तारखेला, सरकारने ते विधेयक मागे घेत असल्याचं जाहीर केलं होतं. दोन्हीतलं किती श्रेय कोणाचं यावर वाद होऊ शकतो, फक्त तपासणीचंच नाव घेऊ नका.

आणि हे वाचणाऱ्यांपैकी कोणी अशा ठिकाणी अडकलाच तर, व्हिडिओ काढायला गर्दीत पुढे जाऊ नका, पोलिसांच्या रांगेच्या आणि जमावाच्या मधल्या मोकळ्या जागेत तर अजिबात थांबू नका, बॅग राहिली तरी चालेल पण पासपोर्ट, औषधं आणि चार्जर अंगावर ठेवा, आणि एअरलाइनचा मेसेज येईपर्यंत भिंतीच्या कडेने, शक्यतो वेगळ्या मजल्यावर जाऊन बसा.