ओल भिंतीतली की हवेतली?
भिंतीवर ओलीचा डाग दिसला की लगेच ‘पाइप गळतोय’ असं घराच्या तपासणी अहवालात लिहू नका. आधी तो भाग कोरडा पुसा, त्यावर तळहाताएवढा अ‍ॅल्युमिनियम फॉइलचा तुकडा ठेवा आणि चारही कडा चिकटपट्टीने पक्क्या बंद करा. एक जरी फट राहिली तरी मेहनत वाया. 24 ते 48 तासांनी बघा. भिंतीकडच्या बाजूला थेंब असतील तर पाणी भिंतीतूनच येतंय. खोलीकडच्या बाजूला दव असेल तर खोलीतल्या दमट हवेतली वाफ गार भिंतीवर जमतेय. तिथे आधी हवा खेळती करायला सांगा. कधी दोन्हीकडे ओल सापडते, मग दोन्ही नोंदवायचं. फॉइल काढताना घरमालकाला शेजारी उभं कराच. स्वतः पाहिलं की तो भिंत फोडायची घाई करत नाही.