न्यू जर्सीत तिकीट आलंय? भरण्याआधी हिशोब करा

एडिसनकडच्या आपल्या मंडळींची सवय: वेगमर्यादा मोडल्याचं तिकीट (दंडाची नोटीस) हातात पडलं की त्याच रात्री ऑनलाइन पैसे भरून मोकळं व्हायचं. पण पैसे भरले म्हणजे गुन्हा कबूल केला, आणि लायसन्सवर पॉइंट (दोषांक) लागले. मर्यादेपेक्षा 1 ते 14 मैल जास्त असेल तर 2, 15 ते 29 असेल तर 4.

म्युनिसिपल कोर्टात हजर राहिलात तर सरकारी वकील बऱ्याचदा ‘अनसेफ ड्रायव्हिंग’ (असुरक्षितपणे गाडी चालवणं) या हलक्या आरोपावर तडजोड सुचवतो. पॉइंट शून्य! ऐकायला गोड, पण पावती बघा. पहिल्या वेळी दंड 50 ते 150 डॉलर, कोर्ट खर्च जास्तीत जास्त 33, आणि वर 250 डॉलरचा अधिभार. म्हणजे न्यायाधीश ‘दंड पन्नास’ म्हणाले तरी खिशातून तीनशेच्या वर जातात. त्यामुळे हो म्हणण्याआधी ‘सगळं धरून किती?’ एवढं विचारून घ्या. इंग्रजी अडखळत असेल तर दुभाषा मागता येतो, त्याचे पैसे पडत नाहीत.

तरी माझ्या मते 4 पॉइंटवाल्याला हा सौदा परवडतो. कारण तीन वर्षांत 6 पॉइंट झाले की मोटर व्हेइकल कमिशन (लायसन्स देणारं राज्याचं खातं) वेगळा अधिभार लावतं: 6 पॉइंटला वर्षाला 150 डॉलर, आणि गेल्या तीन वर्षांतले पॉइंट 6 किंवा जास्त राहतील तोवर दरवर्षी. शिवाय विम्याचा हप्ता वाढू शकतो तो निराळाच.

एकरकमी जमत नसेल तर तिथेच हप्ते मागा. तारीख मात्र चुकवू नका. लायसन्स निलंबित होऊ शकतं.